व्हॅलेटा पाहिलेला कुकर

इकडे, वर बघा. ओट्यावर नका शोधू. ओट्यावर बसलाय तो दुसरा, गाणं म्हणणारा. मी बोलतोय तो त्याच्या डोक्यावरच्या कपाटातून, पुरणयंत्र आणि झाकणं हरवलेले डबे यांच्या मधल्या फटीतून. मी एक छोटा राइस कुकर आहे. दोन माणसांचा भात होईल एवढाच. मला बटणही एकच आहे. खाली दाबलं की मी शिजवतो, वर उडालं की गरम ठेवतो.

आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या बाकीच्या वस्तू फार मोठ्या मनाच्या असतात. झिजलो तरी धन्य झालो, वगैरे. माझ्याच्याने ते होत नाही. दुसऱ्याचं बरं चाललेलं दिसलं की माझं झाकण थडथडायला लागतं.

मला कुठल्या कारखान्यात बनवलं ते काही आठवत नाही. आठवतं ते सिंगापूरमधलं, सेरंगूनच्या मॉलमधलं दुकान आणि तिथे माझ्यासमोर येऊन उभा राहिलेला एक पोरगेला इंजिनियर. तो कुशल. नाशिकहून नुकताच आलेला, नोकरीचा परवाना, तो एम्प्लॉयमेंट पास, नवा कोरा, आणि घरचं जेवण सुटल्यामुळे चेहरा उतरलेला. त्याने मला उचललं, वजन बघितलं आणि काखोटीला मारून घेऊन गेला.

तो एका चिनी आजींच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहत होता. इथे खोली भाड्याने देताना एक अट हमखास असते, “लाइट कुकिंग ओन्ली”. भात लावा, अंडी उकडा, नूडल्स करा, पण मसाले नकोत आणि फोडणी तर नकोच नको. आता नाशिकच्या मुलाने बिनफोडणीचं वरण खाऊन किती दिवस काढावेत? मग त्याने माझ्यातच चोरून फोडणी करायची रीत शोधली. आधी डाळ शिजवून डब्यात काढायची. भांडं पुसून त्यात तेल घालायचं. तेल तापलं की माझं बटण वर उडू बघतं, म्हणून ते चमच्याने दाबून धरायचं. खिडकी उघडी, पंखा फुल, दाराखाली टॉवेल. मोहरी तडतडली की कुशल दाराकडे बघत श्वास रोखून बसायचा. त्या खोलीत मला कोणाचाच हेवा वाटला नाही, कारण हेवा करावा असं तिथे दुसरं कोणी नव्हतंच.

मग कुशलचं लग्न झालं. चैत्राली आली, ब्युओना व्हिस्टाला कॉन्डो सोसायटीत फ्लॅट झाला, पुढे हिरा झाली, आणि एक दिवस खोक्यातून हा निघाला. ओट्यावरचा. काळा चकचकीत, पुढे आकडे दिसणारा, भात झाला की गाणं वाजवणारा. शिजवलास भात, त्यात गाणं काय म्हणायचं? पण घरात सगळ्यांना त्याचं कौतुक. रविवारी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये मराठी मंडळी बुद्धवंदनेला जमायची, त्यानंतरच्या जेवणाचा भात लावायचा मान त्याचा. परत आला की चैत्राली त्याला मऊ फडक्याने पुसायची. मी कपाटाच्या फटीतून बघत बसायचो.

माझे दिवस पालटले ते कुशलचे आईवडील राहायला आले तेव्हा. वडील हेमचंद्र, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. आई सुलेखा, नाशिकच्या मराठी शाळेत भूगोलाच्या बाई होत्या. हेमचंद्रांचं एक ठाम मत होतं. त्यांना बाहेरचं सोसत नाही. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, गेले तर ते फक्त चहा घेणार. कुठे सहलीला जायचं ठरलं, की त्यांचा पहिला प्रश्न जेवणाचा.

“मी सकाळी खोलीवरच करून देईन काहीतरी,” सुलेखा म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिने मला खाली काढलं.

किती आनंद झाला म्हणून सांगू! मी निघालो प्रवासाला आणि तो गाणारा राहिला ओट्यावर. सुलेखाने मला जुन्या पंचात गुंडाळलं, माझ्या पोटात तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि लोणच्याची बाटली भरली. मी बालीला गेलो. हनोईला गेलो. क्योटोला गेलो.

आता विचारा, क्योटोला काय पाहिलंस? हॉटेलातलं टेबल पाहिलं. आरसा पाहिला. टेबलाजवळ प्लग नसला तर बाथरूम पाहिली. सगळे सकाळी बूट घालून निघून जायचे आणि मी तिथेच वाफ सोडत बसायचो. आणि हिराची ती निळी पाण्याची बाटली! ती रोज दप्तराच्या जाळीत बसून जायची. देवळं, डोंगर, होड्या, सगळं बघून संध्याकाळी टेबलावर माझ्या शेजारी येऊन उभी राहायची, अंगावर नवीन स्टिकर लावून. नुसतं पाणी भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम, आणि तिला जग बघायला मिळत होतं. मी तिच्याकडे बघायचोसुद्धा नाही.

खोलीत माझ्यासोबत सुलेखा असायची. पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मत्सरी माणसाला शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही, तो दाराकडेच बघत असतो.

गेल्या जूनमध्ये, शाळेच्या सुट्टीत, कुशलची माल्टाला परिषद निघाली. संशोधनातली काहीतरी. व्हॅलेटा नावाच्या गावात, बंदरावरच. “सगळेच जाऊ या,” तो म्हणाला. सुलेखा भाजी निवडत होती, तिने हातातली जुडी खाली ठेवली.

“भूमध्य समुद्र?” तिने विचारलं.

“हो आई. इटलीच्या खाली, तो छोटा ठिपका.”

“मला सांगतोस? इतकी वर्षं मी तो फळ्यावर काढलाय. बूट काढायचा, बुटाच्या टोकाशी सिसिली, आणि त्याखाली खडू नुसता टेकवायचा. मुलं म्हणायची, बाई, तिथे चुकून खडू लागला. मी म्हणायचे, चुकून नाही रे, तिथे माणसं राहतात, मोठं बंदर आहे.” मग ती थोडी लाजून म्हणाली, “मला ते बंदर बघायचंय.”

ती सहसा काही मागत नाही, हे मला कपाटातूनही ठाऊक होतं.

व्हॅलेटाचं हॉटेल जुन्या पिवळट दगडाचं होतं. माझा तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत थेट बसला. एरवी परदेशात मला अडॅप्टरच्या आधाराने उभं राहावं लागतं, इथे भिंतीने मला ओळखल्यासारखं आत घेतलं. मला वाटलं, हे गाव आपलं आहे. पण आमच्या खोलीची खिडकी उघडली तर समोर दुसरी भिंत आणि तिच्यावर एक पाइप. समुद्राचा वास यायचा, समुद्र दिसायचा नाही.

रोज सकाळी कुशल परिषदेला जायचा. चैत्राली आणि हिरा किल्ला, चर्च, बाजार बघायला निघायच्या. हेमचंद्र टोपी घालून “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणायचे आणि जेवायच्या वेळेला बरोबर हजर व्हायचे. मग जेवण, भांडी बाथरूमच्या बेसिनमध्ये घासणं, मग त्यांची झोप. त्यांना परक्या गावात एकटं झोपायला आवडत नाही. संध्याकाळी सगळे दमून परत.

“आई, आज तुम्ही चला ना आमच्याबरोबर,” चैत्राली दारात उभी राहून म्हणायची. “बाबा खातील एक दिवस बाहेर.”

“माझं पोट बिघडलं तर विमानात कोण बघणार?” आतून हेमचंद्र.

“जा गं तुम्ही,” सुलेखा म्हणायची. “मी उद्या येईन.”

असे सगळे उद्या संपत चालले. संध्याकाळी हिरा पलंगावर उडी मारून, बोलण्यात सिंगापुरी ‘ला’ लावत फोन पुढे करायची. “आज्जी, सी! बोटीला डोळे पेंट केलेत, सो क्यूट ला! आणि इथे रोज दुपारी बारा वाजता रिअल तोफ उडवतात, हार्बरवर. यू मस्ट कम ला, आज्जी.”

सुलेखा चष्मा लावून फोटो बघायची. दोन बोटांनी मोठा करायची. एक कोपरा बघायची, मग दुसरा. फोटोत पाणी असलं की तिथे थांबायची. मला त्या फोनचा हेवा वाटत होता, बाटलीचा वाटत होता, हेमचंद्रांच्या टोपीचासुद्धा वाटत होता. टोपीचं काम तरी काय असतं?

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे गेल्यावर सुलेखाने डाळ धुतली, माझं बटण दाबलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती माझ्याशीच बोलली.

“खरं सांगू का तुला? मला या सगळ्यांचा हेवा वाटतो. माझ्या नातीचासुद्धा. वाईट आहे ना?”

मी वाफ सोडली. दुसरं काय करणार? पण माझ्या मनात आलं, अरे, ही तर माझ्यातलीच निघाली! इतक्या हॉटेलांत आम्ही दोघं एकाच भिंतीकडे बघत जळफळत होतो आणि एकमेकांना पत्ता नव्हता. पुढचा विचार मात्र मला आवडला नाही. मी खोलीत अडकलो नव्हतो. तीच माझ्यामुळे अडकली होती. मी नसतो तर ती कधीच बाहेर पडली असती.

एवढ्यात तिचा फोन वाजला. हेमचंद्र होते.

“अगं, आज शेवटचं जेवण आहे, जरा फोडणीचं वरण कर ना. लसूण, लाल मिरची. हे मऊ मऊ खाऊन कंटाळा आला.”

“अहो, हॉटेलात धूर होईल.”

“कुशल नाही का करायचा त्या कुकरमध्ये? खिडकी उघड, काही होत नाही.”

तिने खिडकी उघडली. डाळ डब्यात काढली, माझं भांडं पुसलं, तेल घातलं, बटण चमच्याने दाबून धरलं. मोहरी तडतडली. हिंग, लसूण आणि वर चार सुक्या मिरच्या. किती दिवसांनी माझ्यात फोडणी पडत होती! मी अंगात आल्यासारखा तापलो. मिरच्या काळ्या व्हायला लागल्या, सुलेखाला ठसका लागला, तिने घाईघाईने डाळ ओतली. चर्रर्र झालं आणि पांढरा लोट थेट छताकडे गेला. छतावर एक गोल डबी होती. तिचा लाल डोळा लुकलुकला.

मग जो आवाज सुरू झाला! आमच्या खोलीत, बोळात, जिन्यात, सगळ्या हॉटेलात. कोणीतरी दार बडवून गेलं, “आउट, आउट, एव्हरीबडी आउट!”

घाबरलेली बाई काय उचलते? पर्स टेबलावर होती, फोन पलंगावर होता. सुलेखाने माझा प्लग ओढला, माझे दोन्ही कान धरले आणि मला उचलून धावत सुटली. पायात बाथरूमच्या सपाता, मागे जिन्यावर माझी वायर सपसप आपटतेय, आत वरण हिंदकळतंय. आम्ही रस्त्यावर आलो.

रस्त्यावर कोण कोण उभं होतं! अंघोळीच्या गाउनमधला एक गोरा, कुत्रं काखेत धरलेली एक बाई, सगळा नोकरवर्ग. रिसेप्शनवरची मुलगी प्रत्येकाला विचारत होती, कुठे आग लागली, कुणी पाहिली का? सुलेखा तिच्यापुढे गेली आणि माझं झाकण उघडून दाखवलं.

“सॉरी,” ती म्हणाली. “नो फायर. इट इज माय दाल.”

मुलीने आत वाकून बघितलं. वास घेतला. हसू दाबत म्हणाली, की तरी बंब येणार, सगळ्या खोल्या तपासणार, तोवर आत सोडता येणार नाही. “मॅडम, इथे उन्हात नका उभ्या राहू. या रस्त्याने वर जा, बाग आहे. तिथे बाकं आहेत.”

आम्ही वर निघालो. दोन्ही बाजूंना उंच घरं, त्यांना लाकडी बंद सज्जे, हिरवे, लाल, निळे. खाली उतरत जाणाऱ्या गल्ल्यांच्या टोकाला पाण्याचे तुकडे. लोक आमच्याकडे वळून बघत होते. बघू देत! मला आजवर कोणी रस्त्यावर बघितलंच नव्हतं. बागेत शिरलो, कमानी होत्या, आणि कमानींच्या पलीकडे एकदम काहीच नव्हतं. म्हणजे भिंत नव्हती. सुलेखाने मला दगडी कठड्यावर ठेवलं.

खाली ते बंदर होतं. पाणी इतकं निळं, की पलीकडची पिवळी तटबंदी त्यातून वर उगवल्यासारखी वाटत होती. तटबंदीमागे घरं, घुमट, धक्क्याला लागलेलं पांढरं जहाज, त्याच्याजवळून जाणाऱ्या इवल्या होड्या. सुलेखा बोटाने हवेत एक रेघ काढत राहिली, किनारा जसा वळत होता तशी. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. कशाला पुसेल? आता तिथे तिला ओळखणारा मी एकटा होतो.

तेवढ्यात खालच्या गच्चीवर तोफ उडाली. माझं झाकण उडून पडलं. सगळ्या बाजूंनी आवाज परत आला, कबुतरं उठली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुलेखा दचकली, मग जोरात हसली. मी तिला असं हसताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग तिला भूक लागली. पर्स नव्हती. तिने माझ्यात बघितलं. भाताची प्लास्टिकची पळी आतच राहिली होती. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि त्या पळीने वरण खायला लागली. एक घास वरणाचा, एक नजर पाण्यावर. सावकाश, मिरच्या बाजूला न काढता. तिने सगळं संपवलं. तळाचा लसूणसुद्धा.

हेमचंद्र आले तेव्हा टोपी हातात, शर्ट घामाने भिजलेला, चेहरा पांढरा पडलेला.

“अगं, तू इथे? हॉटेलखाली बंब उभा आहे! कोणी म्हणे आग, कोणी म्हणे इंडियन बाई वर गेली. मला काय काय वाटलं!”

“बसा ना,” ती म्हणाली.

ते बसले. टोपीने वारा घेतला. मग सवयीने माझ्याकडे वळले आणि आत डोकावले.

“वरण?”

“झालं माझं जेवण.”

“आणि माझं?”

“तिथे कोपऱ्यावर खायला मिळतंय. वाटाण्याचं सारण घातलेलं, पापुद्र्यांचं. करंजीसारखं दिसतंय. जाऊन घ्या.”

हेमचंद्रांनी तिच्याकडे बघितलं. ती समुद्राकडे बघत होती. ते उठले, गेले, कागदात काहीतरी घेऊन आले, एक तिच्यापुढे धरलं. तिने मान हलवली. मग त्यांनी भीत भीत एक घास घेतला, दुसरा घेतला, सगळं खाल्लं आणि परत त्या कोपऱ्याकडे गेले. पोटाला काहीही झालं नाही. त्या दिवशी नाही, विमानात नाही, घरी आल्यावरही नाही.

“आता मी होडीत बसणार आहे,” सुलेखा म्हणाली.

“संध्याकाळी विमान आहे!”

“संध्याकाळी आहे.”

खाली लिफ्ट जाते. आम्ही तिघं धक्क्यावर उतरलो. दोन्ही टोकं वर वळलेली एक लाकडी होडी होती. सुलेखाने मला मांडीवर घेतलं. नावाड्याने रिकाम्या भांड्याकडे बोट दाखवून आत काय आहे विचारलं.

“नथिंग,” ती म्हणाली. “ही इज ऑल्सो टूरिस्ट.”

माझ्यावर खारं पाणी उडालं. माझ्या बुडाशी अजून त्याचा पांढरा डाग आहे. मला अशी धुंदी चढली होती, की आपण घरी गेल्यावर त्या गाणाऱ्याला काय काय सांगायचं एवढंच मी ठरवत होतो. पुढे काय होणार याचा विचारच केला नाही.

पुढे हे झालं. सिंगापूरला परत आल्यावर हेमचंद्र एकदा हॉकर सेंटरमध्ये डोसा खाऊन आले. मग राइस विथ व्हेजिटेबल्स. मग हिराने त्यांना लक्सा, नारळाच्या रश्शातल्या नूडल्स, खाऊ घातला आणि ते घाम पुसत म्हणाले, “थोडा तिखट आहे, पण चालेल.” म्हणजे मी बंदर पाहिलं आणि माझी नोकरी गेली. त्यांच्या पोटाच्या भीतीवरच माझा सगळा प्रवास चालला होता, हे मला कळायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात परत बॅगा निघाल्या. सगळे इजिप्तला निघाले होते, अलेक्झांड्रियाला. तोच समुद्र, पलीकडचा काठ. या वेळी बेत सुलेखाने आखला होता. ती स्टुलावर चढली, तिने मला खाली काढलं, पंचा उलगडला. मी तर बुडापासून तापलो, वायर लावलेली नसताना.

“राहू दे गं तो,” बाहेरून हेमचंद्र म्हणाले. “तिथे मिळेल काहीतरी.”

सुलेखा मला हातात घेऊन उभी राहिली. तिने माझ्या झाकणावरची धूळ पदराने पुसली, मऊ फडक्याने नाही, पदराने. मग हळूच म्हणाली, “तू बघितलंस ना बाबा एकदा? आता मला बघू दे.”

आणि तिने मला परत वर ठेवून दिलं.

मला राग आला. अजून आहे. तुम्ही प्रवासाला निघताना माझ्यासारखा कुणी बॅगेत कोंबत असाल, तर माझं ऐका आणि त्याला घरीच ठेवा. तो आदळआपट करेल, मनातल्या मनात तुम्हाला नावं ठेवेल. ठेवू दे. त्याला नेलं तर त्याच्याजवळ कुणाला तरी बसावं लागतं.

घर शांत आहे. आता अलेक्झांड्रियात सकाळ झाली असेल. ती पाण्याकाठी गेली असेल, कठड्याला टेकून उभी असेल, आणि तिचे दोन्ही हात मोकळे असतील. आजवर मी पुष्कळांचा हेवा केला. पण इतका कोणाचाच नाही.